दहा गुणांचा प्रश्न

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

आज किसनराव स्वतः जीपने आले आणि पत्र हातात देऊन गेले. ते जिल्ह्यातल्या इंग्रजी शिक्षकांच्या मंडळाचे चिटणीस. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन सहा महिने झाले, म्हणून मंडळ दहावीच्या मुलांसाठी पहिल्यांदाच जिल्ह्याची इंग्रजी परीक्षा घेत आहे. २६ डिसेंबरला. जो पहिला येईल त्याच्या अकरावी-बारावीचा आणि वसतिगृहाचा सगळा खर्च मंडळ करणार. पेपर मी काढायचा, आणि हे फक्त त्यांना आणि मला माहीत असायचं. "घरातसुद्धा नको, बाई," असं ते दोनदा म्हणाले. मी म्हटलं, मला एकदा सांगितलेलं पुरतं.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकही गोपनीय कागद बाहेर गेलेला नाही.

आमच्या शाळेतून या परीक्षेला बसवावी अशी एकच मुलगी आहे, राजनंदिनी. शाळा सुटल्यावर मी तिची रोज तासभर तयारी घेते. ते आता बंद. आपण पेपर काढायचा आणि आपणच शिकवायचं, हे बसत नाही.

१५ नोव्हेंबर

राजनंदिनीला सांगितलं, जादा तास बंद. कारण सांगितलं नाही. ती दप्तर धरून उभीच राहिली. मी म्हटलं, कळलं ना, जा.

सेनगावजवळच्या आमच्या गावात अकरावी नाही. पहिली आली नाही तर ही मुलगी पुढच्या जूनमध्ये घरी बसणार, हे मला ठाऊक आहे. पण ते मी मनात ठेवून पेपर काढू शकत नाही.

१८ नोव्हेंबर

निबंध, उतारा, पत्र झालं. वाक्प्रचारांचा दहा गुणांचा प्रश्न अडला आहे. मुलं गाइडमधले वाक्प्रचार पाठ करून ओकतात. म्हणून बी.ए.ची जुनी वही काढली. त्यात आमच्या प्राध्यापकांनी एक गट लिहून दिला होता: आपलं गुपित झाकणं, किंवा ते आपल्याच हातून कळत-नकळत उघडं पडणं. पाच वाक्प्रचार. कोणत्याही गाइडमध्ये नसतील. हेच द्यायचे.

अडचण अशी की पाचही पत्त्यांच्या खेळातून आलेले. 'टिप युअर हँड' म्हणजे हात कलता करणं. हात कलला तर गुपित कसं फुटतं? एकात पानं छातीशी धरायची आहेत, एकात मेजावर उघडी मांडायची आहेत. अर्थ मला येतो, पस्तीस वर्षांपूर्वी पाठ केला होता. का, ते येत नाही. वडिलांनी आम्हा भावंडांना पत्त्याला शिवू दिलं नाही आणि मी माझ्या घरात पत्ता येऊ दिला नाही. माझे पती प्रेमानंद तहसीलमधून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी गोपीचंदच्या किराणा दुकानामागे खेळतात. त्यावरून मी त्यांना काय काय बोलले आहे ते इथे लिहीत नाही.

जे स्वतःला कळत नाही ते मुलांना विचारायचं नाही, हा माझा नियम आहे.

२० नोव्हेंबर

जेवताना विचारलं. वाक्य आधी जुळवून ठेवलं होतं: खेळताना माणूस पानं कशी धरतो? प्रेमानंदांचा घास हातातच राहिला. "काहून?" म्हणाले. मी म्हटलं, सहज. मग हात धुतले आणि पत्त्यांचा जोड घेऊन आले. जोड घरातच होता, पेटीत, माझ्या साड्यांच्या खाली. किती वर्षं, ते विचारलं नाही.

तेरा पानं हातात पंख्यासारखी धरायची. मी धरली तर ते हसायला लागले. मी परीक्षेत हजेरीचा कागद धरते तशी धरली म्हणे, समोरच्याला सगळी दिसतात. म्हणजे हात कलणं हे. एक कळलं.

पण एक गोंधळ झाला. इंग्रजीत 'हात' म्हणजे हातातली सगळी पानं. आपल्याकडे चार जणांची चार पानं पडून एकाने ती उचलली की 'हात' झाला. मग इंग्रजीतला हात दाखवतात तेव्हा नेमकं काय दाखवतात, हे दोन पत्तेबाजांच्या मधे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. वहीत लिहून ठेवलं.

२३ नोव्हेंबर

दोघांत काही समजत नाही, चार माणसं लागतात. म्हणून प्रेमानंदांनी गोपीचंद आणि तातेरावांना आमच्या ओसरीवर बोलावलं. तातेराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, राजनंदिनीचे आजोबा. बावीस वर्षं एकाच गल्लीत राहतो, आज पहिल्यांदा आमच्या घरी चहा प्याले. कप खाली ठेवून म्हणाले, साखर बराबर हाये.

खेळ मेंढीकोटाचा. दश्शीला, म्हणजे दहाच्या पानाला, मेंढी म्हणतात, मेंढ्या जिंकायच्या. हुकमाचं एक पान पालथं झाकून ठेवतात, कोणाला सांगायचं नाही. तिसऱ्याच डावात तातेराव म्हणाले, "बदामची मेंढी बाईपाशी हाये." मी पानं अगदी छातीशी धरली होती. कसं कळलं म्हणून विचारलं.

"मेंढी आली की तुमी चष्मा वर सारता."

मी चष्मा तसाही सारते. पण वहीत लिहून घेतलं. तातेरावांनी मान वाकडी करून वहीत पाहिलं, तेव्हा मी वहीवर हात ठेवला. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी ठेवला. गोपनीय ते गोपनीय.

२५ नोव्हेंबर

आजही खेळलो. मला जिंकण्यात रस नाही, मी फक्त विचारते: दुसऱ्याच्या हातात काय आहे ते कशावरून ओळखता? मुद्दाम सांगतात की चुकून कळतं? पानं मधेच उलटी करून दाखवली तर काय होतं? गोपीचंद म्हणाला, बाईंना खेळायचं न्हाई, पोलिसात जायचंय. सगळे हसले. तातेराव हसले नाहीत. राजनंदिनीचा तास काहून बंद केला, हे मात्र त्यांनी सहज विचारलं. मी म्हटलं, वेळ नाही. ते म्हणाले, व्हय, पत्त्यातून कुठून येळ. मला राग आला. पण बाहेरून पाहता त्यांचं खरं होतं, म्हणून पुढचं पान टाकलं.

शाळेत कुजबुज आहे. बाई पत्ते खेळून राहिल्या म्हणून. असू दे. पेपर झाला की बंद करीन.

३ डिसेंबर

आज वर्गात एक विचित्र प्रकार झाला. उतारा शिकवत होते. राजनंदिनी उभी राहिली आणि 'टिप युअर हँड' म्हणजे काय असं विचारलं. पुस्तकात नाही, गाइडमध्ये नाही. मी खडू खाली ठेवला. अभ्यासक्रमाबाहेरचं विचारायचं नाही, खाली बस, म्हणाले. आवाज चढला असावा. ती बसली. मग सगळ्या वर्गाने वही उघडून काहीतरी लिहून घेतलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. मग लिहिलं काय?

घरी येऊन विचार केला. शाळेच्या कपाटातला मोठा शब्दकोश मी दहा दिवस घरी ठेवला होता, सोमवारी परत केला, तो तिने नेला असणार. पण त्यात हजारो शब्द. हाच का?

योगायोग असतात.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेलो. आज पत्ते नाहीत.

८ डिसेंबर

पेपर पूर्ण झाला. पाचही वाक्प्रचार आता मला आतून कळले आहेत. पस्तीस वर्षं ज्याचा फक्त अर्थ माहीत होता तो हातात घेऊन पाहिला. हिंगोलीला जाऊन लाखेने पाकीटबंद केलेला पेपर किसनरावांच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, कोणाला काही? मी म्हटलं, भिंतीलासुद्धा नाही. कच्चा कागद माझ्या कपाटात कुलपात आहे.

प्रेमानंदांना सांगितलं, आता पत्ते पुरे. बरं म्हणाले. जोड पेटीत ठेवला नाही, खिडकीत ठेवला. संध्याकाळी तातेराव नेहमीच्या वेळी आले. खेळ बंद झाला म्हटल्यावर पायरीवरच थांबले आणि म्हणाले, झालं वाटतं बाईचं काम. मी विचारलं, कोणतं काम? ते म्हणाले, तेच आपलं, आणि गेले.

कोणतं काम?

१६ डिसेंबर

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

शाळा सुटल्यावर राजनंदिनी घरी आली. बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "बाई, पेपर तुमीच काढलाय. पत्त्यायचे वाक्प्रचार येणार हायेत. मला पाचही सापडले."

मी तिला विचारलं, कोणी सांगितलं? कोणी नाही म्हणाली. आजोबांनी ओळखलं. बाईंनी एकाएकी तुझा तास बंद केला, ज्या बाईला पत्त्याचा विटाळ ती पत्ते शिकून राहिली, आणि डाव सोडून एकच विचारते, झाकलेलं पान उघडं कसं पडतं. वहीवर हात ठेवते. आजोबा म्हणाले, शब्दकोशात हात आणि पान बघ. तिने पाहिलं. खात्री नव्हती म्हणून वर्गात विचारलं.

"तुमी इतक्या जोरात खाली बस म्हणल्या, की मंग खात्री झाली," म्हणाली.

मी विचारलं, मला का सांगायला आलीस? ती पायाने ओसरीची माती उकरत राहिली. मग म्हणाली, वर्गात सगळ्यांनी लिहून घेतलंय, शेजारच्या गावच्या शाळेतपण गेलंय. आणि जायला निघाली. मी पाणी पी म्हटलं. प्यायली आणि गेली.

रात्री प्रेमानंदांवर ओरडले. तातेरावांना तुम्हीच सांगितलं असणार. ते शांतपणे म्हणाले, "तू मला कुठं काय सांगितलंस, म्या सांगायला?" मग तुम्हाला माहीत होतं का? म्हणाले, पहिल्याच दिवशी. कशावरून? त्यावर त्यांनी खिडकीतला जोड उचलला, परत ठेवला.

"एकतीस वर्षांत तू मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं. म्हणून वाटलं, नक्की काहीतरी मोठं हाये."

त्यांना माहीत होतं तर मला का सांगितलं नाही, हे विचारलं. म्हणाले, सांगितलं असतं तर तू खेळ बंद केला असता.

१७ डिसेंबर

दिवसभर एकच. मी एक शब्द बोलले नाही आणि सगळं बोलून बसले. प्रश्नाचा अर्थ मुलांना नीट विचारता यावा म्हणून शिकले, आणि शिकताना तो प्रश्नच वाटून टाकला. यात चूक नेमकी कुठल्या दिवशी झाली, तेही सापडत नाही.

गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. पण अर्ध्या तालुक्याला दहा गुण फुकट मिळतील, लांबच्या औंढ्याच्या आणि नरसीच्या मुलांना नाही.

१८ डिसेंबर, शनिवार

किसनरावांकडे गेले. सगळं सांगितलं. पेपर छापून गठ्ठे बांधून तयार होते. ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, बाई, न सांगता राहिल्या असत्या. मी म्हटलं, ती मुलगी नाही राहिली न सांगता.

शेवटी ते गठ्ठे जाळायचं ठरलं. नवा पेपर दुसरं कोणी काढेल, कोण ते मला सांगणार नाहीत. एकच अट घातली: पेपर बदलला हे कोणाला कळता कामा नये. नव्या जिल्ह्याची पहिली परीक्षा आणि पेपर फुटला म्हटलं तर पुढच्या वर्षी कोणी मुलं पाठवणार नाही. मी शब्द दिला.

जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आता मी पेपर काढणारी नाही. नवा पेपर मला काय, किसनरावांच्या घरच्यांनाही ठाऊक नाही. म्हणजे राजनंदिनीला शिकवायला कसलीच हरकत नाही. महिनाभरात प्रथमच मोकळं वाटलं.

१९ डिसेंबर

तिला बोलावून घेतलं. रोज दोन तास, ओसरीवरच, उजेड चांगला असतो. महिन्याचं राहिलेलं भरून काढायचं आहे. तिने विचारलं, चालतं का? मी म्हटलं, चालतं, कारण विचारू नको.

२२ डिसेंबर

उतारे उत्तम सोडवते. पत्रात तारीख विसरते. प्रेमानंद म्हणाले, लोक बघून राहिले. मी म्हटलं, बघू देत, मला झाकायचं काही नाही. ते आत गेले. तातेराव आज पेरू देऊन गेले, मोठी टोपली. मी घेत नव्हते. तुमचे उपकार लय झाले म्हणाले. चार दिवस शिकवलं त्याचे कसले उपकार.

२६ डिसेंबर

परीक्षा झाली. तिने मला प्रश्नपत्रिका दाखवली. माझा एकही प्रश्न नाही. किसनराव शब्दाचे पक्के. वाक्प्रचार सगळे शेतीचे होते. तिने दहापैकी सात बरोबर लिहिले असावेत. पत्त्यांचं न्हाई आलं, एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

९ जानेवारी २०००, रविवार

राजनंदिनी जिल्ह्यात पहिली. तातेरावांनी गल्लीत पेढे वाटले. माझ्या हातावर ठेवताना कानाशी येऊन म्हणाले, बाई, तुमी शब्द न काढता पोरीचं काम केलं. मी म्हटलं, मी काही केलं नाही. ते हसले आणि चष्म्याकडे बोट दाखवलं. माझा हात चष्म्यावर होता.

पेढा तसाच वाटीत ठेवला आहे. तातेरावांना वाटतं मी तिला पेपर दिला. ती सांगेल की पत्त्यांचं आलंच नाही. मग म्हणतील, नवा काढून दिला.

१२ जानेवारी

मंडळाकडे तक्रार गेली आहे, दोन शाळांची. पेपर काढणारी बाई, पहिली तिच्याच वर्गातली मुलगी, आणि शेवटचा आठवडा बाईने ओसरीवर बसवून घोटून घेतलं, सगळ्या गावाने पाहिलं. तक्रारीतली तिन्ही वाक्यं बाहेरून खरी दिसतात. ती तशी का दिसतात हे मी आज चार वेळा मनात मांडून पाहिलं. आम्ही दोघी उजेडात बसलो होतो, एवढंच.

रविवारी बैठक. तिचा निकाल रद्द करायचं चाललं आहे.

१३ जानेवारी

किसनरावांकडे गेले, पेपर बदलला होता ते तुम्ही सांगा म्हटलं. ते म्हणाले, एका मुलीसाठी सगळी परीक्षा बुडवायची का? तिला मी स्वतः पुढच्या वर्षी काहीतरी मदत बघतो. तुम्ही शब्द दिलाय. मी उठून आले.

१४ जानेवारी

राजनंदिनी शाळेत आली, तिळगूळ दिला, कोणाशी बोलली नाही. सुट्टीत मी तिला बोलावलं. ती म्हणाली, "बाई, मी तर येऊन सांगितलं होतं."

तिला वर्गात पाठवलं.

१६ जानेवारी, रविवार

बैठकीला प्रेमानंद बरोबर आले, बाहेर थांबले. आत चौदा जण. किसनराव मधे. तक्रार वाचून झाल्यावर ते म्हणाले, बाईंना काही म्हणायचं नसेल तर ठराव घेऊ. मी उभी राहिले.

सांगितलं की पहिला पेपर मी काढला आणि तो माझ्याकडून फुटला. तो फुटल्याचं मला याच मुलीने येऊन सांगितलं. मी अठरा डिसेंबरला चिटणीसांना सांगितलं, तो जाळला गेला, मुलांनी लिहिला तो दुसऱ्याचा. माझा कच्चा कागद बरोबर नेला होता, तो मेजावर ठेवला, शेजारी छापलेला ठेवला. दोन्ही फिरवले. एकही प्रश्न जुळत नव्हता.

एकाने विचारलं, फुटला कसा? मी म्हटलं, मी मेंढीकोट शिकत होते. कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. यात हसण्यासारखं काय ते मला कळलं नाही. थांबले, हसणं संपल्यावर पुन्हा सांगितलं, पहिल्या दिवसापासून, चष्म्यासकट. त्यानंतर कोणी हसलं नाही.

एकाने किसनरावांना विचारलं, खरं का? त्यांनी हो म्हटलं.

निकाल कायम राहिला. दुसरा ठराव, मला मंडळाचं कोणतंही काम यापुढे द्यायचं नाही. दोन्ही ठरावांवर मी सही केली. हात उंच करायचा होता तेव्हा दुसऱ्या ठरावालाही केला, मग लक्षात आलं की तो माझ्याविरुद्धचा आहे. खाली घेतला नाही.

बाहेर आल्यावर किसनराव मागून आले. "बाई, तुम्ही शब्द दिला होता," म्हणाले.

मी म्हटलं, हो.

ते थांबले. मी आणखी काही म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मग ते पायऱ्या चढून परत आत गेले, आणि आम्ही सेनगावच्या जीपकडे गेलो.